गॅपच्या पुढची धून

नाशिकमध्ये मी गिटार वाजवतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या केसांकडे बघतो. केस आता फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे त्याची निराशा होते. मग तो आवाज खाली आणून विचारतो, "बाकी काय करता?" बाकी काही करत नाही म्हटलं की तो माझ्या बायकोची चौकशी करतो. ती शिक्षिका आहे हे ऐकल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो.

त्यातही मी मेलोडिक रॉक वाजवतो. म्हणजे असं रॉक, की ज्यात गिटार आरडाओरडा करत नाही, गाते. हे मी आमच्या शेजारच्या काकांना एकदा पाऊण तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे भावगीतच की रे." एका परीने त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला फार राग आला.

कॉलेजात अकाउंटन्सीचा अभ्यास करायच्या ऐवजी मी एक धून रचली होती. शब्द नाहीत, नुसती गिटार. सुरुवातीला ती साधी असते, कोणालाही गुणगुणता येईल अशी. मग हळूहळू वर चढते, आणि शेवटी सगळ्यात बारीक तारेवर एक सूर ताणायचा, श्वास पुरेल तेवढा धरायचा आणि सावकाश खाली आणून घरी सोडायचा. तो शेवट म्हणजेच ती धून. आधीचं सगळं त्या शेवटापर्यंत पोहोचायचा रस्ता आहे. मला या धंद्यात एवढीच एक गोष्ट हवी होती, की ती धून लोकांसमोर एकदा तरी शेवटपर्यंत वाजावी. आमच्या शहराने ते होऊ दिलं नाही. शहराला दोषही देता येत नाही, कारण दर वेळी कारण अगदी रास्त होतं.

पहिल्यांदा कारण होतं फिशपॉन्ड. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमच्या चौघांच्या बँडला वेळ मिळाला होता, पण आमच्या आधीच्या एकांकिकेतला नायक मरायला फार वेळ लावत होता. आमची पाळी आली तेव्हा प्रेक्षकांना फिशपॉन्ड ऐकायचे होते. कोणाच्या नावाने कोणी काय चिठ्ठी टाकली, यापुढे माझा ताणलेला सूर म्हणजे काय? मी चढावर होतो, तेवढ्यात सांस्कृतिक विभागाच्या सरांनी पडदा टाकायला लावला. पडद्यामागे मी शेवट वाजवला, पण अॅम्प्लिफायर बंद झाला होता. तो शेवट आमच्या ड्रमरने ऐकला. त्याला तो आवडला नाही.

कारण त्याला तोवर मेटल आवडायला लागलं होतं. कॉलेज रोडवर एका वर्षात सगळी पोरं काळे टी-शर्ट घालायला लागली. सिडकोत, पंचवटीत, जिथे म्हणून दोन खोल्यांपैकी एक रिकामी होती, तिथे कोणीतरी सैतानाच्या नावाने ओरडत होतं आणि आई बाहेरून विचारत होती, पोहे टाकू का. माझ्या बँडमधल्या मित्रांनी मला सांगितलं की मेलडी मुळमुळीत असते. वेग पाहिजे. मी वेगाने वाजवून बघितलं. जेवणाच्या पंगतीत वाढपी पळतो तसं वाटायला लागलं. मी बँड सोडला, की बँडने मला सोडलं, यावर अजून एकमत नाही. त्यातला जो सर्वांत भयंकर ओरडायचा तो आता विमा विकतो, आणि फोनवर फार गोड बोलतो.

मग मी ऑर्केस्ट्रात गेलो. गणपतीत आणि नवरात्रात आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसायची. हिंदी-मराठी सुपरहिट गाणी, दोन गायक, एक गायिका, एक निवेदक. निवेदकाचे विनोद ऐकून गणपतीसुद्धा सोंड फिरवत असेल अशी मला शंका यायची. मी मागे, कीबोर्डच्या आणि तबल्याच्या मध्ये, पंख्यासमोर. पण एक सोय होती. गायिकेला साडी बदलायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ भरून काढायला मालक मला म्हणायचे, "वाजव तुझं ते रडगाणं." तेवढ्या वेळात माझी धून बसायची. गायिका भली बाई होती. ती मला म्हणायची, "दादा, आज जरा पिना जास्त लावते, आरामात वाजवा."

एका मंडळात एके दिवशी गर्दी खरंच ऐकत होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनी बोलणं थांबवलं होतं, यावरून काय ते ओळखा. मी चढावर आलो आणि नगरसेवक आले. आता पाहुणे आले की संगीत थांबतं, हे काही कोणाला शिकवावं लागत नाही. शाल आली, श्रीफळ आलं, मंडळाच्या अध्यक्षांचं मनोगत आलं, पाहुण्यांनी कलाकारांचं तोंड भरून कौतुक केलं आणि जाताना ध्वनिक्षेपकावर सांगितलं की अशी कला जपली पाहिजे. तोवर गायिका साडी बदलून उभी होती. मी गिटार हातात घेऊन पंख्यासमोर जपला गेलो.

नंतर ऑर्केस्ट्राही आटत गेला. कीबोर्डवर एक बटण दाबलं की गिटारचा आवाज येतो, हा शोध मालकांना लागला. त्यांनी मला फार मायेने समजावलं की बटण नवरात्रातसुद्धा उपवास करत नाही, चहा मागत नाही आणि रडगाणं वाजवत नाही. मी घरी बसून क्लास सुरू केला. मुलं यायची, गिटारबरोबर फोटो काढायची आणि दहावी आली की जायची. बायको शाळेतून आल्यावर आणि मुलगी अभ्यासाला बसायच्या आधी मी ती धून एकदा वाजवायचो. शेवटपर्यंत वाजायची ती फक्त आमच्या घरात, कुकरच्या शिट्ट्यांसकट. माझी मुलगी तिच्यावरच लहानाची मोठी झाली. शेवटचा सूर खाली आला की तिला कळायचं, आता बाबांचं झालं, आता पुस्तक उघडायचं. म्हणजे जगात ज्या एका श्रोत्याला शेवट माहीत होता, त्याला तो अभ्यासाची घंटा म्हणून माहीत होता.

अशात एकदा नवरात्राच्या तोंडावर देवळ्याकडच्या एका बेंजो पार्टीच्या मालकाचा फोन आला. बेंजो पार्टी म्हणजे टेम्पोवर जनरेटर, भोंगे, ढोल-ताशे आणि सगळ्यांत पुढे बटणं दाबून वाजवायचा विजेचा बेंजो. त्यावर गाण्याची चाल वाजते आणि बाकीचे तिला बडवतात. तर त्यांच्या बेंजोवाल्याचं बोट टेम्पोच्या फाळक्यात चेमटलं होतं. मालक अहिराणीत म्हणाला, "तुनी गिटार लइसन ये भो. चाल वाजाडता येस ना? बस."

गेलो. ज्योत आणायची होती. आमच्याकडे घटस्थापनेला गावोगावची मंडळं सप्तशृंगीच्या गडावर जातात, तिथे ज्योत पेटवतात आणि ती पळत पळत गावापर्यंत आणतात. एक दमला की दुसरा हातात घेतो, पाय थांबत नाहीत. मागे टेम्पो चालतो आणि त्यावर वाजवणारे. ज्योत थांबवायची नाही, म्हणून वाजवणंही थांबवायचं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच असा कार्यक्रम आला होता, की ज्यात मला अडवायला बंदी होती.

गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपासून कळवणपर्यंत देवीची जेवढी म्हणून गाणी मला येत होती ती सगळी वाजवून झाली. कळवणच्या पुढे तीच परत सुरू केली, तर ढोलवाले माझ्याकडे बघायला लागले. उजाडलेलं होतं, दोन्ही बाजूंना मका उभा होता, पोरं अनवाणी पळत होती आणि त्यांचे पाय एका ठेक्यात पडत होते. मी माझी धून काढली. ढोलवाल्यांनी ती लगेच उचलली. इतकी वर्षं मी ज्यांना शोधत होतो ते पुढे पळत होते आणि एकालाही मागे वळून बघायची सवड नव्हती. मी वर चढलो, अगदी टोकापर्यंत गेलो, आता बारीक तारेवर बोट ठेवायचं, आणि टेम्पो स्पीडब्रेकरवर आदळला. जनरेटरची वायर निघाली.

भोंगा गप्प. सगळा रस्ता गप्प. ज्योतीच्या मागे वाजवणं थांबलं म्हणून ढोलवाले असे घाबरले की एक श्वासभर त्यांचेही हात वरच राहिले, आणि मग सगळ्यांनी मिळून एकदम ढोलावर दणका दिला. त्या दणक्याला पळणारी सगळी पोरं हवेत उडाली. ज्योतवालाही उडाला. खाली आले ते आरोळी ठोकूनच.

मी वायर लावली आणि जिथे तुटलं तिथून पुढे वाजवायला लागलो. मालकाने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "ते नको! पहिलेपासून ले! आनि तठेच थांब! भारी शे भो!" वायर निघाली हे त्याला कळलंच नव्हतं. त्याला वाटलं मी मुद्दाम थांबलो. मी ओरडून सांगितलं की याच्या पुढे शेवट आहे. तो म्हणाला, "शेवट गावात गेल्यावर." गावात गेल्यावर आरती झाली, घट बसले, महाप्रसाद झाला. शेवट कोणी मागितला नाही. देवळ्यापर्यंत मी तीच धून पुन्हा पुन्हा वाजवली आणि दर वेळी त्याच जागी हात उचलला. म्हणजे माझ्या रचनेचं संपादन एका स्पीडब्रेकरने केलं, आणि ते अंतिम ठरलं.

मोटारसायकलवरून कोणीतरी मोबाइलवर ते काढलं होतं. पुढच्या वर्षी ती धून सगळ्या बेंजो पार्ट्यांकडे होती. त्याच्या पुढच्या वर्षी डीजेवर आली, खाली काहीतरी धडधड लावून. लोक तिला "गॅपवालं" म्हणायला लागले. हळदीला गॅपवालं, मिरवणुकीला गॅपवालं. चाल वर चढत गेली की सगळे हात वर करून, एक पाय उचलून तोल सांभाळत थांबतात, कोणी हसत नाही, कोणी श्वास घेत नाही, आणि दणका पडला की उडी. मालेगावपासून पेठपर्यंत लोक माझ्या धुनीवर नाचत होते. ती माझी आहे हे मी सुरुवातीला सांगून बघितलं. भाजीवाल्याने मान डोलावली आणि म्हणाला, त्याच्या साडूनेपण एक हिंदी गाणं लिहिलं होतं, ते चोरलं मुंबईवाल्यांनी. तेव्हापासून मी भाजी घेऊन निमूट घरी येतो.

माझ्याकडे एक दातांचे डॉक्टर गिटार शिकायला यायचे. पेशंट नसले की दवाखान्यातही सराव करायचे, आणि सराव खूप व्हायचा. त्यांना गॅपवालं शिकायचं होतं, मेव्हण्याच्या लग्नात वाजवायला. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी पूर्ण धून देऊ. मी शेवटापर्यंत वाजवून दाखवली. डॉक्टर भुवया चढवून ऐकत होते.

"सर, तुम्ही एक्स्ट्रा वाजवताय."

"एक्स्ट्रा नाही, मूळ तसंच आहे."

त्यांनी फोन काढला आणि मला ओरिजिनल ऐकवलं. त्यात गॅप होती, दणका होता, आरोळी होती. "बघा. इथे संपतं," ते म्हणाले. आवाजात तीच समजूत होती, जी ते दात काढायच्या आधी वापरत असणार. मी त्यांना गॅपपर्यंत शिकवलं. मेव्हण्याच्या लग्नात त्यांची फार वाहवा झाली म्हणे.

मधल्या काळात वायनऱ्या आल्या. विंचूरकडच्या एका वायनरीत शनिवार-रविवारी अनप्लग्ड गिटार पाहिजे होती. द्राक्षांच्या मळ्यासमोर लाकडी ओटा, त्यावर मी, डोक्यावर त्यांनी दिलेली टोपी. मॅनेजर म्हणाला, "सर, असं वाजवा की लोकांना ऐकू येईल पण लक्ष जाणार नाही." माझ्या कारकिर्दीचं इतकं नेमकं वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं. पण जागा शांत होती, माणसं बसून ऐकणारी होती, आणि नगरसेवक येण्याची शक्यता कमी होती. म्हणून दुसऱ्याच शनिवारी मी धून काढली, अगदी हळू.

कोपऱ्यातल्या टेबलावर कांद्याच्या व्यापाऱ्यांचं एक कुटुंब वाढदिवसाला आलं होतं. त्यांनी लगेच ओळखली. मी चढावर आलो तसे ते सगळे उठून उभे राहिले, ग्लास धरलेले हात वर, आजीबाईंचासुद्धा. मी थांबलो नाही. पुढे गेलो. तर त्यातले एक काका कळवळून ओरडले, "अहो दादा, चुकलं! गॅप घ्या, गॅप!" पोरांनी तोंडानेच दणका दिला, सगळे उडाले, वाइन सांडली आणि माझा शेवटचा सूर त्या हशात कुठे गेला ते मलाही ऐकू आलं नाही. मॅनेजर धावत आला. "सर, इथे हळदीची गाणी नको ना, प्लीज. आपला क्राउड वेगळा आहे." त्याचा वेगळा क्राउड मागे वन्समोअर ओरडत होता.

घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. बायको हसली. मुलगी हसली नाही. ती तेव्हा पुण्याहून आली होती, तिचं लग्न ठरलं होतं. ती म्हणाली, "बाबा, माझ्या हळदीला तुम्ही वाजवायचं. पूर्ण. बघते कोण अडवतं ते." मी म्हटलं, हळदीला नवरीच्या बापाने पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायच्या असतात. पण तिने ऐकलं नाही. बेंजो पार्टी ठरवायला ती स्वतः गेली. ओझरचा एक तरुण बेंजोवाला होता, दाढी कोरलेली, अंगठ्या. त्याला तिने सांगितलं की गॅपवालं माझे बाबा वाजवतील, आणि ते हात उचलत नाहीत तोवर ढोलाचा दणका द्यायचा नाही. तो म्हणाला, "वाजवू द्या ना ताई काकांना हौस आहे तर. फक्त लय सोडू नका म्हणा, पब्लिक बसून जाते."

हळद आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. संध्याकाळची वेळ, मांडवाला झेंडूच्या माळा, दोन्हीकडचे पाहुणे पिवळेधमक. माझी गिटार मी बेंजोवाल्याच्या अॅम्प्लिफायरला लावली. वायर दोनदा ओढून बघितली.

मी सुरुवात केली आणि ओरडा झाला. मामा, मावश्या, व्याही, सगळे मध्ये आले. शेजारचे काका, भावगीतवाले, काठी खुर्चीला लावून उभे राहिले. बायको मला कधी नाचताना दिसलेली नव्हती, गुडघे दुखतात म्हणते, तीही आत ओढली गेली. मधोमध माझी मुलगी होती. गालांना, गळ्याला, कोपरापर्यंत हातांना हळद, केस सुटलेले. मी वर चढत गेलो. ढोलवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे टिपऱ्या वर धरल्या आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. बोट बारीक तारेपाशी आलं. आता मला अडवेल असं त्या मांडवात कोणीच नव्हतं.

सगळ्यांचे हात वर होते. मुलीचेही. एक पाय उचललेला, डोळे मिटलेले, ओठ दाबून धरलेले. तिनेच ठरवलं होतं आज शेवट वाजायचा, पण ते आता तिच्या ध्यानातच नव्हतं. ती दणक्याची वाट बघत होती. लहानपणी झोक्यावर बसली की डोळे मिटून असंच थांबायची, मी धक्का देईपर्यंत. मी पुढे वाजवलं असतं तर तिने डोळे उघडले असते, पाय खाली टेकला असता आणि मग अगदी शहाण्या मुलीसारखी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं असतं. दुसऱ्या दिवशी लग्न होऊन ती सासरी जाणार होती. तिथे शहाण्या मुलीसारखं उभं राहायला तिला पुष्कळ दिवस मिळणार होते.

मी हात उचलला.

दणका पडला आणि ती उडाली. सगळा मांडवच उडाला, पण मी तिच्याकडेच बघत होतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिला तसं नाचताना बघून जे वाटलं ते यापूर्वी कोणत्याही स्टेजवर वाटलं नव्हतं, म्हणून मी पहिल्यापासून परत वाजवायला घेतलं, आणि परत तिथेच हात उचलला.

थांबलो तेव्हा बेंजोवाला माझ्या हातातून वायर घेत म्हणाला, "काका, एक नंबर. जागा बरोबर पकडली तुम्ही. लय जणांना नाय जमत." मी त्याचे आभार मानले.

तेवढ्यात मुलगी गर्दीतून वाट काढत आली, धापा टाकत, घामाने हळद ओघळलेली. माझा दंड धरून म्हणाली, "बाबा, झालं ना शेवटपर्यंत?"

"झालं," मी म्हणालो. "तू नाचत होतीस, म्हणून ऐकू आलं नसेल."